१४,९९९ ची बोट आणि केळीचा बोर्ड भाव

प्रश्न : ताई नमस्कार. मी पाचोरा तालुक्यातला, बियाणं-खताचं दुकान आहे. साडू मागच्या वर्षी सिंगापूरहून क्रूझ करून आला तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. बायको काही बोलत नाही पण त्यांचे फोटो परत परत बघते. एकदा सगळ्यांना न्यावं म्हणतो. आम्ही दोघं, मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत आणि आई. आईचं वय ६८, गुडघे दुखतात, पक्की शाकाहारी, आणि पाण्याची भीती. बजेट लाखभर, ओढूनताणून सव्वा. मोबाइलवर '१४,९९९ पासून' अशी जाहिरात सारखी येते. एक एजंट म्हणतो हा रेट आज रात्रीपर्यंतच, गुगल पे करून टाका. आणि परवा फोन आला की तुम्हाला क्रूझचं फ्री व्हाउचर लागलंय, जोडीने हॉटेलवर या. यातलं खरं काय धरू? आणि बायकोला सरप्राइज द्यायचंय, तेवढं जमेल असं सांगा. – एक दुकानदार भाऊ

उत्तर :

भाऊ, पहिले त्या फ्री व्हाउचरचं बघून घेऊ, कारण तारीख दिली असेल तर तुम्ही जोडीने तयार होऊन निघाल सुद्धा. नका जाऊ. लकी ड्रॉचा फॉर्म कुठेतरी पेट्रोल पंपावर नाहीतर मॉलमध्ये भरलेला असतो आणि आपण विसरून गेलेलो असतो. हॉटेलच्या एसी हॉलमध्ये बसवतात, चहा-समोसा देतात, दोन तास गोड बोलतात, आणि मग 'क्लब मेंबरशिप'चा आकडा निघतो, तो लाखाच्या आसपास असतो बरं का, तुमचं सगळं बजेट तिथेच. जोडीने का बोलावतात? तर नवरा म्हणेल 'घरी विचारून सांगतो' ही पळवाटच राहू नये म्हणून. आमच्या ओळखीत दोन घरं अशी फसलीत, व्हाउचर मिळालं खरं पण त्यावर तारीख कधी मिळालीच नाही, आणि पोर्टाचे पैसे, टॅक्स वेगळे भरा म्हणे. तो नंबर ब्लॉक करा आणि विषय संपवा.

आता खरा प्रश्न. स्वस्तात होतं का? होतं. पण ते स्वस्त कुठून येतं ते समजलं नाही तर माणसाला महागात पडतं, आणि हे समजायला तुमच्यासारख्याला दोन मिनिटं लागतील कारण आपण केळीच्या मुलखातले.

रावेर-यावलकडे केळीचा बोर्ड भाव निघतो ना? बोर्डावर एक आकडा आणि मळ्यात काट्यावर दुसराच. जाहिरातीतले १४,९९९ म्हणजे तो बोर्ड भाव. फरक इतकाच की केळीत शेतकऱ्याच्या हातात बोर्डापेक्षा कमी पडतं आणि क्रूझमध्ये गिऱ्हाइकाच्या खिशातून बोर्डापेक्षा जास्त जातं. तो 'पासून' शब्द बारीक अक्षरात असतो, सगळी गंमत त्यातच आहे. तो आकडा माणशी असतो, खोलीचा नाही. एका केबिनमध्ये दोन मोठी माणसं आहेत असं धरून असतो. सगळ्यात कमी रात्रींचा असतो, खिडकी नसलेल्या आतल्या केबिनचा असतो, आडवारचा असतो, आणि बहुतेक वेळा पोर्ट चार्ज, टॅक्स आणि सर्व्हिसचे म्हणजे ग्रॅच्युइटीचे पैसे त्यात धरलेले नसतात.

मी स्वतः हे शिकले ते पैसे घालवूनच. आम्ही दोघं काही वर्षांपूर्वी गेलो, माणशी अठरा हजार ऐकून, म्हणजे छत्तीस होतील असं धरून. शेवटचं बिल हातात आलं ते बावन्नचं. एजंटला विचारलं तर म्हणे, मॅडम ते तर सगळीकडेच असतं. असतं ना भो, पण तू आधी नाही सांगितलंस. म्हणून एजंटला पहिला प्रश्न 'रेट काय' हा विचारायचाच नाही. विचारायचं असं : पाच जणांचे, अमुक तारखेचे, अमुक केबिनचे, सगळं धरून बोटीत पाय ठेवेपर्यंत एकूण किती, ते व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. लिहून पाठवायला जो टाळाटाळ करतो त्याला सोडून द्या. हाच प्रश्न तीन ठिकाणी टाका, त्यातलं एक ठिकाण म्हणजे कंपनीची स्वतःची वेबसाइट, तिथे पैसे भरायच्या शेवटच्या पानापर्यंत जायचं, तिथे खरा आकडा दिसतो, फोटो काढायचा आणि परत फिरायचं. मग त्या आकड्याला माणसांनी आणि रात्रींनी भागा. माणशी रात्री किती पडले ते कळलं की दोन रात्रीची बोट खरंच स्वस्त आहे की तीन रात्रीची, ते आपोआप समोर येतं. पुष्कळदा तीन रात्रीची बरी पडते.

आता स्वस्त का होते ते. घड कापला की केळी थांबत नाही, दोन दिवसात गाडी भरली पाहिजे नाहीतर माल काळा पडतो आणि कोणी फुकट नेत नाही. बोटीची केबिन तशीच. बोट धक्क्यावरून सुटली की रिकाम्या केबिनचा भाव शून्य. डिझेल तेवढंच जळणार, खलाशी-स्वयंपाकी तेवढेच, म्हणून सुटायच्या आधी कंपनी ती केबिन मिळेल त्या भावात भरायला बघते. आणि यात अजून एक मेख आहे जी जाहिरातवाला सांगत नाही. कंपनीची कमाई फक्त तिकिटावर नसते. माणूस एकदा आत आला की दारू, कॅसिनो, स्पा, वायफाय, स्पेशल रेस्टॉरंट, फोटोग्राफरने काढलेले फोटो, किनाऱ्यावरच्या सहली, यात तो पैसा सोडतो. रिकामी केबिन म्हणजे हेही सगळं गेलं. म्हणून तिकीट कमी करून का होईना, माणूस आत घ्यायचा.

याचा अर्थ काय झाला भाऊ? जो दारू पीत नाही, कॅसिनोत बसत नाही, वायफायशिवाय दोन दिवस राहू शकतो आणि तिकिटात धरलेलं जेवण पोटभर जेवतो, त्याच्यासाठी क्रूझ सगळ्यात स्वस्त. तुमचं शाकाहारी, आईसोबतचं घर कंपनीला काही परवडत नाही, पण तुम्हाला ते परवडतं. तुम्ही कॅसिनोत बसत असाल तर मात्र हे सगळं गणित विसरा, ते मला माहीत नाही आणि वहिनींना मी सांगणार नाही.

आपल्याकडून कुठली बोट, ते थोडक्यात. मुंबईहून सध्या नाव चालतं ते कॉर्डेलियाचं. २०२१ च्या सप्टेंबरपासून त्यांची एम्प्रेस नावाची बोट मुंबईहून निघते. ही बोट १९९० सालची, आधी रॉयल कॅरिबियन या परदेशी कंपनीकडे होती, म्हणजे साडूच्या फोटोतल्यासारखी नवीकोरी चकचकीत नाही, पण पोहण्याचा हौद, नाटक-गाणी, मुलांची खेळायची जागा सगळं आहे. मुंबई-गोवा, मुंबई-लक्षद्वीप, आणि काही फेऱ्या नुसत्या समुद्रात जाऊन परत येणाऱ्या. ही शेवटची जात नीट ओळखून ठेवा, तिला 'हाय सीज' म्हणतात, ती कुठेच जात नाही, शनिवार-रविवार समुद्रात फिरून त्याच धक्क्यावर आणून सोडते. सगळ्यात कमी आकडा पुष्कळदा हिचाच असतो, आणि लोक बुक केल्यावर विचारतात गोवा कधी येईल. वाईट आहे असं नाही, बोटच बघायची असेल तर तीही चालते, फक्त आईला सांगून ठेवा की उतरायचं नाहीये.

पावसाळ्यात ही बोट साधारण चेन्नईकडे जाते आणि तिथून श्रीलंकेच्या फेऱ्या करते. म्हणजे जून ते सप्टेंबर मुंबईहून शोधत बसण्यात अर्थ नाही. तसाही तेव्हा तुमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसेल.

आता तारीख, आणि खरी बचत इथेच आहे, कूपन कोडमध्ये नाही. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते ३१ डिसेंबर, २६ जानेवारीला जोडून आलेला शनिवार-रविवार, होळीचे दिवस आणि आखा मे महिना, हे सगळे दिवस महाग, कारण मुंबई-पुणे-गुजरातवाले सगळे तेव्हाच मोकळे असतात. शुक्रवारी सुटणारी बोट महाग आणि सोमवार-मंगळवारी सुटणारी त्याच केबिनला कमी, हेही ठरलेलंच. तुमचा धंदा मात्र उलट्या कॅलेंडरवर चालतो हे तुमचं नशीब. खरीपाची गर्दी संपली, रब्बीचं बियाणं गेलं, कापसाची उधारी थोडीफार वसूल झाली की जानेवारी-फेब्रुवारीत तुम्ही गल्ल्यावर माशा मारता. तेच दिवस बोटीला मंदीचे. संक्रांत होऊ द्या, करीदिन टळू द्या (आई त्या दिवशी उंबरा ओलांडू देणार नाही, माझी सासूही देत नाही), आणि त्यानंतरचा एखादा सोमवार-मंगळवार धरा, २६ जानेवारी सोडून. नाहीतर दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की लगेचचा नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा.

तुम्ही म्हणाल शाळा बुडेल. तिसरीतल्या पोराचे दोन-तीन दिवस बुडाले तर काय कलेक्टरची पोस्ट जाणार आहे का? मुलीची चाचणी परीक्षा तेवढी बघा. मास्तरांना अर्ज द्या, येताना गोव्याचे काजू आणा, होऊन जाईल. खरंच सांगते, शाळेचे तीन दिवस वाचवायला लोक मे महिन्यात जातात आणि पाच जणांमागे पंधरा-वीस हजार जास्त मोजतात, वर मुंबईचा घाम वेगळा.

'शेवटच्या क्षणी घ्या, स्वस्त मिळतं' असं कोणीतरी सांगेल. अर्धं खरं आहे. दोन जण असतील, कुठलीही केबिन चालत असेल, तर आठ-दहा दिवस आधी चांगला भाव मिळू शकतो, आणि देशातल्या फेरीला व्हिसाची भानगड नाही, रात्रीच्या गाडीने सकाळी मुंबई, आपल्याला जमतं. पण तुम्ही पाच आहात, दोन केबिन शेजारी-शेजारी पाहिजेत, आईला लिफ्टजवळची पाहिजे, पाच बर्थ रेल्वेचे पाहिजेत. असं सगळं शेवटच्या आठवड्यात जुळत नाही आणि तत्काळच्या तिकिटात वाचलेले पैसे जातात. तुम्ही दोन-अडीच महिने आधी घ्या. घेतल्यावर भाव उतरला तर काय, हे घेण्याच्या आधी विचारून ठेवा. काही ठिकाणी पूर्ण पैसे भरायच्या तारखेआधी भाव उतरला तर नवा भाव लावून देतात नाहीतर वरची केबिन देतात, पण आपण होऊन फोन केला तरच. स्वतःहून कोण देतं हो?

एजंटच्या 'आज रात्रीपर्यंतच'चं उत्तर यातच आलं. आज रात्री संपणारा रेट परवा परत येतो, नाव बदलून. आज वीकेंड सेल, उद्या फ्लॅश सेल, परवा एका मोठ्या माणसाबरोबर मूल फ्री. यातली मूल फ्रीवाली योजना मात्र तुमच्या कामाची आहे, तिची वाट बघा. फक्त तिकीट फ्री असलं तरी पोर्ट चार्ज आणि टॅक्स मुलांनाही लागतात, तेवढं धरून चाला. आणि कोणाच्या वैयक्तिक नंबरवर गुगल पे अजिबात नाही. कंपनीच्या नाहीतर फर्मच्या नावाच्या खात्यावर, जीएसटी नंबर असलेली पावती घेऊन, आणि पैसे भरल्यावर बुकिंग नंबर घेऊन तो थेट कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून तपासायचा, माझ्या नावाने पाच जण दिसतात का म्हणून. एजंट वाईटच असतात असं नाही, चांगला एजंट कंपनीच्याच भावात देतो, केबिन नीट निवडून देतो आणि अडचण आली तर फोन उचलतो. पण तो घाई करत नाही.

एक वर्ष आधी पूर्ण पैसे भरून ठेवायचंही काम नाही. २०१९ मध्ये जलेश नावाची कंपनी कर्णिका बोट घेऊन मोठ्या थाटात मुंबईहून सुरू झाली होती, २०२० मध्ये कोरोनात बंद पडली. बोट कंपनीचा धंदा असा मोठा आणि नाजूक असतो, त्यात आपले लाख रुपये वर्षभर अडकवू नयेत.

आता केबिनचं गणित, हे नीट वाचा कारण पाच जणांच्या घराला इथेच फटका बसतो. एजंट तुम्हाला सांगेल चौघं एका केबिनमध्ये, आजींना वेगळी. ऐकायला बरं वाटतं. पण एकट्या माणसाला केबिन दिली की कंपनी जवळजवळ दोघांचे पैसे घेते, आणि एकाच केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाला मात्र भाव बराच कमी असतो. समजा पहिल्या दोघांना माणशी वीस हजार, तिसऱ्या-चौथ्याला दहा. चौघं एका केबिनमध्ये म्हणजे साठ, आई एकटी म्हणजे चाळीस, झाले एक लाख. तेच तुम्ही तीन आणि दोन असे राहिलात, एकीकडे तुम्ही दोघं आणि मुलगा, दुसरीकडे आई आणि नात, तर पन्नास आणि चाळीस, नव्वद. दहा हजार तिथल्या तिथे वाचले, आणि आई रात्री एकटी नाही. आकडे मी सोयीसाठी धरले, तुमचे तुम्ही टाका, पण दोन्ही पद्धतीने विचारल्याशिवाय बुक करू नका.

केबिन आतली घ्या. खिडकीवाली आणि बाल्कनीवाली फोटोत छान दिसते पण तुम्ही त्या खोलीत झोपायलाच येणार, बाकी सगळा वेळ वर डेकवर, समुद्र तिथून फुकट दिसतो. सगळ्यात स्वस्त 'गॅरंटी' नावाचा प्रकारही काही कंपन्या देतात, म्हणजे केबिनचा प्रकार पक्का पण नंबर कंपनी ठरवणार. एकटे-दुकटे असाल तर डोळे झाकून घ्या, पण तुम्हाला नको, दोन केबिन दोन टोकांना आल्या तर आईला शोधत फिराल. बोटीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची मागा, तिथे हलणं कमी जाणवतं. पाळण्याचं बघा ना, टोकावर बसलेल्याच्या पोटात गोळा येतो, मधल्याच्या नाही.

आईच्या भीतीवर माझ्याकडे एक स्वस्त इलाज आहे. लाख रुपये घालवून मग कळण्यापेक्षा की तिला बोट लागते, आधी थोडक्यात बघून घ्या. मुंबईला कामाला गेलात तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, तासाभराचा प्रवास, शे-पाचशेचं काम. किंवा आपल्या जवळचं म्हणाल तर सुरत. हजिऱ्याहून घोघ्याला गाड्यांसकट माणसं नेणारी बोट २०२० मध्ये सुरू झाली, रस्त्याने ३७० किलोमीटरचा फेरा पडतो तिथे ती काही तासात खंबातचं आखात ओलांडते. जळगाव-नंदुरबार-सुरत गाडी आहेच, वेळापत्रक बघून निघा. आईला सांगा की आपली तापी जिथे समुद्राला मिळते ते बघायला चाललोय, नाही म्हणणार नाही. तापीला जन्मभर हात जोडलेत तिने, शेवट कुठे बघितलाय? तिथे बोट बाधली नाही तर मोठ्या क्रूझवर बाधायची शक्यता कमीच, ती आकाराने कितीतरी मोठी असते. गोळी घ्यायची झाली तर तिच्या डॉक्टरांना विचारून, बीपीची औषधं चालू असतील तर नक्की विचारून.

लक्षद्वीपचा मोह होईल, फोटो बघून सगळ्यांना होतो. तुमच्या आईच्या गुडघ्यांसाठी मी नको म्हणेन. तिथे मोठी बोट किनाऱ्याला लागत नाही, समुद्रात उभी राहते आणि तुम्हाला छोट्या होडीत उतरवून बेटावर नेतात, ती होडी वरखाली होत असते आणि पायरीचा नेम राहत नाही. वर हवा बिघडली तर उतरणंच रद्द होतं, आणि तिकिटाचे पैसे त्यासाठी परत मिळतील अशी आशा ठेवू नका. पुढे कधी दोघंच गेलात तर लक्षद्वीप प्रशासनाचं समुद्रम नावाचं पॅकेज बघा, कोचीहून सरकारी बोटीने, रात्री बोटीत झोपायचं आणि दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय अशी बेटं बघायची. कोचीला जायला आपल्या भुसावळ-जळगावहून जाणाऱ्या गाडीचं नावच मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस आहे, एर्नाकुलमला सोडते. इतकी वर्षं ती गाडी आपल्या दारावरून जातेय आणि आपण तिच्यात फार तर कल्याणपर्यंत बसतो.

तुमच्यासाठी गोव्याची फेरीच बरी. बोट मुरगावच्या बंदराला लागते, वास्कोजवळ, आणि तिथे शिडीने सरळ धक्क्यावर उतरता येतं. बोटीवर सहली विकतात त्या घेऊ नका, पाच जणांचे पैसे जोडले तर त्यात दिवसभराची टॅक्सी होते. फक्त परत यायची वेळ मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि त्याच्या दोन तास आधी बंदरात या, कारण कंपनीच्या सहलीवाल्यांसाठी बोट थांबते, आपल्या टॅक्सीवाल्यासाठी थांबत नाही.

साडूचं सिंगापूर? तिथून बोटी मोठ्या आणि नव्या, आणि गंमत म्हणजे बोटीचं नुसतं भाडं कधीकधी मुंबईच्या आसपासच दिसतं. पण पाच पासपोर्ट, पाच व्हिसे, पाच विमान तिकिटं, आदल्या रात्रीचं हॉटेल, आणि पॅकेज घेतलं तर टीसीएस म्हणजे आधीच वसूल होणारा टॅक्स कापतात तो वेगळा, तो रिटर्न भरताना हिशोबात धरता येतो पण आज खिशातून जातोच. सव्वा लाखात पाच जणांचं ते होत नाही. जो म्हणेल होतं, त्याच्याकडून विमानासकट लिहून घ्या. आणि व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना ते बघावंच लागतं, कारण बोट सिंगापूर सोडून मलेशियाला जाऊन परत सिंगापुरात शिरते. साडूला विचारा त्याला सगळं मिळून किती पडले. खरा आकडा सांगणार नाही तो, पण चेहऱ्यावरून कळेल.

जेवणाची काळजी सोडा. शाकाहारी भरपूर असतं, जैन सुद्धा मिळतं, बुक करतानाच सांगायचं. शेवभाजी आणि कळण्याची भाकरी मिळणार नाही, दोन दिवस कळ काढा. बाहेरचं शिजवलेलं आत नेऊ देत नाहीत, तेव्हा आईने दशम्या-धपाटे बांधले असतील तर ते गाडीतच संपवा. पाकीटबंद कोरडं काही चालतं का ते आधी विचारा, केळी वेफरचं सीलबंद पाकीट निघून जायला हरकत नसावी. इस्त्री आणि पाणी तापवायची इलेक्ट्रिक किटली मात्र घेऊ नका, तपासणीत काढून ठेवतात, आगीची भीती असते बोटीवर.

आणि मोबाइल! बोटीवर चढल्या चढल्या पाचही... म्हणजे जेवढे असतील तेवढे फोन एअरप्लेन मोडवर. आमच्या ह्यांनी नाही केला. रात्री झोपेत फोनने बोटीचं समुद्रातलं नेटवर्क पकडलं, व्हॉट्सॲपचे गुड मॉर्निंगचे फोटो उतरत राहिले, आणि महिन्याच्या बिलात चार हजार वाढून आले. चार हजाराची गुलाबाची फुलं झाली ती.

मुंबईला जायचं ते असं. विदर्भ नाहीतर अमरावती एक्सप्रेस रात्रीची धरा, पाचोऱ्याला थांबत नसेल तर जळगाव नाहीतर चाळीसगावहून, सकाळी सीएसएमटी, तिथून बॅलार्ड पियर, म्हणजे बोटीचा धक्का, टॅक्सीने अगदी जवळ. बोट दुपारी-संध्याकाळी सुटत असली तरी चेक-इन बऱ्याच आधी बंद होतं, आणि ते बंद झालं की तिकीट गेलं, परतावा नाही. म्हणून रात्रीची गाडी रद्द किंवा फार लेट झाली तर दुसरी कुठली गाडी पकडता येईल ते आधी बघून ठेवा, आणि जमलं तर सरळ एक दिवस आधी जा, कोणा नातेवाइकाकडे डोंबिवली-कल्याणला टेकायचं. आपल्याकडे प्रत्येकाचा एक मामा डोंबिवलीत असतोच.

अजून एक सुचवते, साडूवर राग नसेल तर. सात-आठ केबिनचा ग्रुप झाला की काही कंपन्या ग्रुपचा भाव देतात, कधी एखादा माणूस फ्री धरतात. वहिनींची भिशी असेल, तुमच्या तालुक्यातले दोन-चार दुकानदार असतील, सगळ्यांचा मंदीचा महिना एकच. मात्र हिशोब एकाने सांभाळायचा आणि पैसे आधी जमा करायचे, उधारीवर क्रूझ नेऊ नका, खताची उधारी पुरेशी आहे.

राहिलं सरप्राइज. नाही जमणार भाऊ. बुकिंगला प्रत्येकाचं नाव ओळखपत्रावर जसं आहे तसंच लागतं, आणि आपल्याकडे बायकांचं आधार माहेरच्या नावाचं, मतदान कार्ड सासरच्या नावाचं आणि बँकेत तिसरंच. वहिनींना न विचारता तुम्ही नाव टाकाल आणि धक्क्यावर अडकाल, ते सरप्राइज वेगळंच होईल. शिवाय ज्या बाईला दोन दिवस घर बंद करायचंय तिला गॅस, दूध, कुत्रा, शेजारी किल्ली, हे सगळं लावायला महिना लागतो. आज जेवताना सांगून टाका आणि सगळ्यांची आधार कार्डं काढायला लावा.